वैशाखातली गच्ची: कर्वेनगरमधल्या एका भाजीबागेचे आठ आठवडे

१८ एप्रिल, दुपारचे तीन. काळ्या ग्रो बॅगच्या, म्हणजे झाडं लावायच्या पिशवीच्या, पश्चिमेकडच्या अंगाला, कडेपासून दोन बोटं आत आणि चार बोटं खोल थर्मामीटर खोचला. काटा ४६ वर जाऊन थांबला. दोन हातांवर, त्याच उन्हात, मातीची कुंडी होती. तिच्यात ३८. अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमच्या मध्यभागी ३४. तिन्हींत एकाच ढिगातली माती आणि एकाच दिवशी लावलेली वांग्याची रोपं. बॅगेतल्या वांग्याने माना टाकल्या होत्या, कुंडीतलं जेमतेम तग धरून होतं आणि ड्रममधल्या वांग्याला जांभळी फुलं होती. बॅगेतली माती मात्र तिघांत सगळ्यात ओली होती. मुठीत दाबली तर पाणी निघेल इतकी.

ही बाग शेजारच्या काकूंची. कर्वेनगरातला जुना दुमजली बंगला, वर साधारण बावीस बाय अठ्ठावीस फुटांची गच्ची, चायना चिप्सची फरशी, चारही बाजूंनी साडेतीन फुटी कठडा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून काकू इथे भाजी लावतात. मी स्वतः अकरा वर्षं गच्चीवर भाजी करते आणि ओळखीच्यांच्या गच्च्या बघायला जाते. या बागेबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण काकूंकडून निष्काळजीपणा असा कुठेच झाला नव्हता. जे बिघडलं ते काळजीपोटी केलेल्या गोष्टींनीच बिघडलं, आणि अशी काळजी पुण्याच्या उन्हाळ्यात मला घरोघर दिसते.

बागेचा पसारा

एकूण छत्तीस कुंड्या. त्यात पंधरा इंची काळ्या ग्रो बॅगा बारा, अर्धे ड्रम चार, मातीच्या कुंड्या आठ, रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या आठ आणि थर्मोकोलचे चार खोके. टोमॅटो सहा, वांगी चार, मिरच्या सात, बादल्यांमध्ये भेंडी आठ, कठड्याच्या कडेने चवळी आणि गवार, मांडवावर एक दोडका आणि दोन काकड्या, खोक्यांत पालक, मेथी, कोथिंबीर. एका ड्रमात शेवगा, एका कोपऱ्यात पुदिना आणि अळू.

हिवाळ्यात ही बाग दृष्ट लागण्यासारखी होती. जानेवारीत काकूंनी बाजारातून कोथिंबीर आणलीच नाही. टोमॅटो इतके निघाले की आमच्याकडेही डबा भरून आला. भाजीचं वजन काकू कालनिर्णयच्या पानावर लिहितात, दुधाच्या हिशेबाशेजारी. पाडव्यापासून ते आकडे उतरत गेलेले तिथे स्पष्ट दिसत होते, आणि एप्रिलच्या मध्यापासून तर चौकोन रिकामेच.

वर गेले तेव्हा काकूंनी एकेक दुखणं दाखवलं. टोमॅटोला फुलं येतात आणि देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळतात. लागलेली फळं लाल होईनात, नारिंगी-पिवळी होऊनच मऊ पडतात. दोन टोमॅटोंच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग. मिरचीची पानं चुरमडलेली. वांगी आणि मिरची, दोन्हींच्या पानांच्या कडा जळलेल्या, विडीचा चटका बसावा तशा. काकडी कडू. कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर. पालक उगवला आणि बसला.

"अगं, दिवसातून तीनदा पाणी घालतेय. शेंगदाण्याची पेंड भिजवून घातली, गांडूळखत दर आठवड्याला मूठमूठ. आता आणखी काय करू सांग."

मी म्हटलं, "काकू, आधी काय काय थांबवता येईल ते बघू या."

पाणी कुठलं आणि कसं

सर्वांत जास्त वेळ आम्ही पाण्यावर घालवला, आणि त्याचं चीज झालं.

काकू सकाळी, दुपारी दोनला आणि संध्याकाळी पाणी घालत. प्रत्येक वेळी प्रत्येक झाडाला एक-दीड तांब्या. दिवसाला पंधरा लिटरच्या अकरा बादल्या लागत. दुपारचं पाणी पाइपने. तो पाइप सकाळपासून उन्हात पडलेला. मी नळ सोडून पाण्याखाली हात धरला तो झटकन मागे घेतला. पहिलं दीड मिनिट तरी पाणी अंघोळीचं वाटेल इतकं कढत येत होतं. तेच पाणी तापलेल्या मातीत, तापलेल्या मुळांवर पडत होतं.

दुसरी गोष्ट जरा उशिरा लक्षात आली. मातीच्या कुंड्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढरी पुटं चढली होती आणि ग्रो बॅगच्या मातीवरही कडेने पांढरट कंगोरा. नखाने खरवडून जिभेला लावला तर खारट-तुरट. मग काकूंनी सांगितलं की फेब्रुवारीपासून पाणी कमी येतं म्हणून घरच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून स्वयंपाकघरातल्या आरओ फिल्टरचं बाहेर पडणारं पाणी त्या एका बादलीत साठवतात आणि सगळं झाडांना घालतात.

पाणी वाचवण्याची ही चांगली सवय कितीतरी घरांत आहे, आणि तिचा दोष सहसा ध्यानात येत नाही. आरओ पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही. ते एका बाजूला गोळा करतो आणि ज्या पाण्याबरोबर बाहेर टाकतो ते पाणी मूळ पाण्यापेक्षा खारं असतं. माझ्याकडे टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. आकडा जितका मोठा तितकं पाणी खारं. टाकीतलं पाणी ६५०, आरओच्या बादलीतलं ९६०. सकाळी तासभर येणारं पालिकेचं पाणी ११०.

नऊशेचं पाणीसुद्धा एकवेळ चाललं असतं, जर ते खालून वाहून गेलं असतं. पण तांब्या-तांब्याने घातलेलं पाणी कुंडीच्या बुडापर्यंत पोचतच नव्हतं. वरच्या पाच-सहा इंचांत जिरायचं, उन्हाने उडून जायचं आणि क्षार तिथेच राहायचे. दिवसातून तीनदा, दोन महिने. वर पेंडीचं आणि गांडूळखताचं मीठ. पानांच्या कडा जळण्याचं कारण हे होतं. मिरची आणि वांगी खारेपणा फारसा सोसत नाहीत, घेवडा तर मुळीच नाही. पालक त्या मानाने कणखर. त्याचं दुखणं उष्णतेचं.

एका बॅगच्या बुडाचं छिद्र काडीने मोकळं करून मी त्यात दहा लिटर पाणी हळूहळू ओतलं आणि खाली पेला धरला. पहिल्यांदा जे गळलं ते चहाच्या रंगाचं होतं. मीटरने २,४०० दाखवले. काकू बराच वेळ त्या पेल्याकडे बघत राहिल्या.

ऊन सरकतं

काकूंच्या मनात एक गोष्ट पक्की होती की दक्षिणेच्या कठड्यालगतची जागा सावलीची. म्हणून नाजूक झाडं, म्हणजे टोमॅटो आणि कोथिंबीर-पालकाचे खोके, त्यांनी फेब्रुवारीतच तिथे नेऊन ठेवले होते. डिसेंबरात ते खरं होतं. पुण्यात २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, आणि साडेतीन फुटी कठड्याची सावली तीन फुटांपर्यंत येते. नंतर ती रोज थोडी थोडी आखडत जाते. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर महिनाभरावर तो आणखी उत्तरेला असतो. म्हणजे वैशाखात दक्षिणेच्या कठड्याला दुपारची सावली नाहीच, उलट दिवसभर तापलेली भिंत झाडांच्या पाठीशी. ती भिंत रात्री नऊलाही हाताला गरम लागत होती.

पाण्याच्या टाकीचंही तेच. हिवाळ्यात टाकीची सावली उत्तरेला पडते, त्या ओढीने मिरच्या तिथे ठेवलेल्या. एप्रिलच्या दुपारी तिथे सावलीचा पत्ता नव्हता. तीननंतरची खरी सावली पूर्वेला, जिन्याच्या खोलीच्या आडोशाला होती, आणि तिथे नुसत्या रिकाम्या कुंड्या रचून ठेवलेल्या.

हे बघायला आम्ही काही विशेष केलं नाही. काकूंनी दिवसभर दर दोन तासांनी खडूने फरशीवर सावलीची कड आखली. संध्याकाळी गच्चीवर नकाशाच तयार झाला.

काय काय बदललं

१९ आणि २० एप्रिलला आम्ही दोघी आणि काकूंचा भाचा कामाला लागलो.

आरओचं पाणी त्या दिवसापासून झाडांना बंद. ते फरशी पुसायला आणि संडासात. झाडांच्या बादलीत तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी आणि सकाळी भरून ठेवलेलं पालिकेचं पाणी. पाणी घालायची वेळ सकाळी सहा ते पावणेसात, एकदाच, पण खालून थेंब गळेपर्यंत. संध्याकाळी फक्त त्यालाच, जे सूर्य बुडाल्यावरही मान टाकून आहे. दुपारी तीनला वांग्याची पानं लोंबली तर ती तहानच असेल असं नाही. पानांतून जितकं उडतं तितकं मुळं वेळेवर पुरवू शकत नाहीत, म्हणून झाड पानं खाली सोडतं, आणि साडेसहाला पुन्हा ताठ होतं. काकूंना हे सर्वांत अवघड गेलं. पहिले चार दिवस त्या दुपारी जिन्यापर्यंत येऊन परत जात होत्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच फोन केला, "अगं, उठलं गं. पाणी न घालता उठलं."

खतं तीन आठवडे पूर्ण बंद.

साठलेले क्षार धुवायचे तर कुंडीच्या मातीच्या दीड-दोनपट पाणी हवं. पंधरा इंची बॅगेत चाळीसेक लिटर माती मावते. बारा बॅगांचा हिशेब आठशे लिटरच्या वर जातो. एप्रिलात एवढं पाणी झाडांवर ओतणं मला पटेना आणि काकूंनाही. म्हणून पानं सर्वांत जास्त जळलेल्या पाचच बॅगा निवडल्या. पालिकेच्या पाण्याने तीन सकाळी वीस-वीस लिटर, अगदी सावकाश. खालून आलेलं खारं पाणी फरशीवर पसरू दिलं, तेवढाच फरशीला गारवा. उरलेल्या सात बॅगा पावसावर सोडल्या.

मग उष्णता. बॅगा उचलून विटांवर ठेवल्या, दोन विटांमध्ये हात जाईल एवढी फट, म्हणजे खालून वारा फिरतो आणि फरशीची धग थेट बुडाला लागत नाही. बाहेरून गोणपाट गुंडाळलं, किराणा दुकानातून पंधरा रुपयांना एक मिळालं. मोठ्या बॅगा पश्चिमेच्या रांगेत एकमेकींना चिकटवून ठेवल्या, कडेला वाळू भरलेल्या रिकाम्या कुंड्या, म्हणजे ऊन आधी त्यांच्यावर. टोमॅटो आणि खोके जिन्याच्या पूर्वेला हलवले.

मातीवर आच्छादनासाठी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून दोन पोती चिपाडं आणली. ती ताजी घालू नयेत. त्यात साखर उरलेली असते, मुंग्या आणि माश्या धावून येतात. एकदा पाण्यातून काढून दोन दिवस कडक उन्हात वाळवली, कोयत्याने बोटभर लांब तुकडे केले आणि तीन इंचांचा थर दिला, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडून. महाराष्ट्रात गच्चीवर भाजी करणाऱ्यांना चिपाडं नवी नाहीत. माझ्या मते कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुश्याच्या, विटा विकत आणण्याआधी प्रत्येकाने एकदा रसवंतीत विचारून यावं.

एक चूक माझ्या सांगण्यावरून झाली, तीही लिहायला हवी. पन्नास टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट आम्ही आधी चार-साडेचार फुटांवर ताणली, कारण तेवढेच बांबू हाताशी होते. दुसऱ्या दिवशी दोनला बाहेर सावलीत ३९ आणि जाळीखाली ४१. गरम हवा खालीच कोंडली होती, मिरच्यांनी आदल्या दिवसापेक्षा जास्त माना टाकल्या. २४ तारखेला ती काढून जिन्याच्या खोलीपासून टाकीपर्यंत तार ओढली आणि आठ फुटांवर बांधली, पश्चिमेला कमरेपर्यंत लोंबती. तेव्हा कुठे खाली बरं वाटायला लागलं.

२ मेला पुन्हा दुपारी तीनला तोच थर्मामीटर, त्याच बॅगेत, त्याच अंगाला. ३६.

कीड ओळखताना

चुरमडलेल्या मिरचीला सगळे सरसकट बोकड्या म्हणतात, आणि मग जे हाताला लागेल ते फवारतात. पान कुठल्या बाजूला वळलंय ते आधी बघावं. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर सहसा फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या चमच्यासारखं झालं आणि देठ लांबला असेल तर कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड. काकूंच्या सात मिरच्यांपैकी चार होडीच्या, एक चमच्याची, दोन निरोगी. वांग्याच्या पानामागे लाल कोळी होता. पांढरा कागद खाली धरून पान टिचकीने झटकलं, मिरपुडीसारखे ठिपके पडले आणि थोड्या वेळाने चालायला लागले. बोटाने पुसले तर कागदावर विटकरी रेघ.

लाल कोळ्याला कोरडी उष्ण हवा मानवते. म्हणून पहिला उपाय पाणीच, पण पानाच्या खालच्या बाजूने, जोराने, सकाळी, एक दिवसाआड तीनदा. त्यानंतर लिटरला पाच मिली निमतेल, दोन थेंब भांड्याचा साबण, आणि तेही सूर्य मावळल्यावर. तेल लावलेल्या पानावर वैशाखाचं ऊन पडलं तर पान भाजतं. चमच्याच्या मिरचीचे शेंडे छाटले, ती पुन्हा फुटली. होडीच्या चारपैकी तीन सावरल्या.

भेंडीच्या दोन झाडांना हळद्या झाला होता. पानाच्या शिरा पिवळ्याधमक, मधला भाग हिरवा, जाळीच विणल्यासारखी. हा विषाणू पांढऱ्या माशीमार्फत पसरतो आणि लागलेलं झाड बरं होत नाही. मी म्हटलं, "काकू, ही दोन्ही आज उपटायची." त्यांनी शेंड्याकडे बोट केलं. "फुलं लागलीयत गं तिला." खरंच तीन कळ्या होत्या, एक उमललेली, आत जांभळा डोळा. दोन दिवस त्यांनी उपटली नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बादलीतल्या भेंडीच्या कोवळ्या पानावर पहिली पिवळी शीर दिसली, तेव्हा तिन्ही निघाली. उरलेल्या पाचांवर पुढे रोग आला नाही. तिथे पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून चिकट सापळेही टांगले होते, त्यांवर माशी बऱ्यापैकी अडकली.

टोमॅटोचा हट्ट सोडला

टोमॅटोची फुलं गळणं खताने थांबत नाही, फवारणीनेही नाही. दिवसा पारा पस्तिशीपार आणि रात्रही बावीसच्या खाली उतरेना, की परागकण निकामी होतात आणि फळधारणा होत नाही. पुण्यात एप्रिलचं सरासरी कमाल तापमान अडतीसच्या आसपास असतं, आणि चायना चिप्सच्या गच्चीवर रात्र आणखी उशिरा निवते. फळांच्या रंगाचंही तसंच. टोमॅटोला लाल करणारं रंगद्रव्य तिशीच्या पुढे नीट तयार होत नाही, पिवळं-नारिंगी मात्र होत राहतं. म्हणून झाडावर ठेवून फळ लाल होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. बुडाशी पहिली गुलाबी झाक दिसली की तोडायचं आणि घरात, टोपलीत, कागदावर पिकू द्यायचं. काकूंनी असे एकवीस टोमॅटो घरात पिकवले, रंग आणि चव दोन्ही चांगली. बुडाचा काळा डाग पाणी एकसारखं झाल्यावर नव्या फळांवर आला नाही. अनेक जण त्यासाठी अंड्याची टरफलं टाकतात, पण मातीत चुना असूनही पाणी कधी भरपूर, कधी कमी झालं की तो फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. एका झाडाची पानं काकूंनी आधी "हवा लागावी" म्हणून विरळ केली होती, त्याच्या फळांवर उन्हाने पांढरे चट्टे पडले. एप्रिल-मेमध्ये टोमॅटोचं पान तोडू नये.

मेच्या पहिल्या आठवड्यात सहापैकी चार टोमॅटो काढले. दोन जिन्याच्या सावलीत गुडघ्याएवढे छाटून ठेवले, पावसाआधी फुटले तर फुटले. त्यातलं एक मेलं.

मोकळ्या झालेल्या जागी उन्हाळा सोसणाऱ्या भाज्या आल्या. लाल माठ, राजगिरा, मायाळू, आणि आणखी चवळी. माठ पाच दिवसांत उगवला आणि बावीस दिवसांत पहिली जुडी. मायाळूचं काकूंनी एकच देठ टोचलं होतं शेजारच्या कुंडीतून, त्याने महिन्यात अर्धा मांडव झाकला. वैशाखात पालकाच्या मागे लागण्यापेक्षा मायाळूची भजी मला कधीही चालतील. फुलावर गेलेली कोथिंबीर उपटली नाही. तिच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या आणि ढालकिडे येत होते, आणि जूनमध्ये वाटीभर धणे मिळाले.

दोडक्याची गंमत सांगण्यासारखी आहे. काकूंची तक्रार होती की हाताने परागीभवन करायला सकाळी सातला जाते तर एकही फूल उघडलेलं नसतं. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. घोसाळ्याची सकाळी, दोडक्याची पाच-साडेपाचनंतर. त्या दिवशी साडेसहाला गेलो तर मांडवावर पिवळे दिवे लागल्यासारखी अकरा फुलं, त्यातलं मागे इवला दोडका असलेलं मादी फूल एकच. तापमान वाढलं की वेलींना नर फुलं जास्त येतात. नर फुलाच्या पाकळ्या मागे करून पुंकेसर मादी फुलावर हलकेच फिरवले. त्या एका फुलाचा दोडका बारा दिवसांनी ३१० ग्रॅमचा निघाला. काकड्या मात्र कडूच राहिल्या. पाण्याचा ताण एकदा बसला की त्या वेली सावरल्या तरी चव पूर्ण येत नाही. दोन्ही काढल्या.

१९ मे

संध्याकाळी पाचला पश्चिमेकडून धुळीचा लोट आला आणि मागोमाग वळीव. आठ फुटांवर चारही कोपऱ्यांना घट्ट बांधलेली शेडनेट शिडासारखी फुगली, टाकीकडचा कोपरा फाटला आणि ओढ बसून तारेचा खिळा उपटला. जाळी मिरच्यांवर कोसळली. दोन भेंड्या मधोमध मोडल्या, चवळीचं काठ्यांचं तिकाटणं आडवं झालं. पाऊस वीस मिनिटांचा, पण त्याने गोणपाटं भिजली, आणि रात्री गच्चीवर पहिल्यांदा गार वाटलं.

दुसऱ्या दिवशी जाळी पुन्हा चढवली, पण बांधून नाही. फाटकी कड दुमडून शिवली, पडद्याच्या कड्या टाचल्या आणि तारेवर ओवली. साडेअकराला ओढायची, साडेचारला गुंडाळायची, आभाळ काळं झालं की लगेच. यामुळे भेंडीला सकाळचं पूर्ण ऊन मिळायला लागलं. आधी दिवसभर जाळीखाली राहिल्यामुळे तिची पेरं लांबत चालली होती.

कॅलेंडरवरचे आकडे

मे महिन्यात काकूंच्या कॅलेंडरवर भेंडी २ किलो ३०० ग्रॅम आहे. वाचलेल्या पाच झाडांची, आणि १९ तारखेनंतर तिघांची, एक दिवसाआड तोडलेली. उन्हाळ्यात भेंडी एक दिवस जास्त राहिली तरी जून होते, म्हणून वजनापेक्षा तोडणीचा दिवस चुकवायचा नाही हा नियम. चवळीच्या शेंगा दीड किलोच्या आसपास, माठ-राजगिऱ्याच्या नऊ जुड्या, वांगी ड्रममधली चांगली आणि बॅगांतली बेताची. गवारीने निराशा केली, शेंगा आल्या पण थोड्या. कारण मला नीट कळलं नाही. पाणी रोज अकरा बादल्यांवरून सातांवर आलं.

जानेवारीच्या आकड्यांशी यांची तुलना काकूंनी सुरुवातीला केली आणि हिरमुसल्या. पण मागच्या वर्षीचं कॅलेंडर त्यांनी जपून ठेवलं होतं. त्यात मे महिन्याच्या सगळ्या चौकोनांत मिळून कढीपत्ता आणि पुदिना एवढंच होतं.

पावसाची वाट बघणाऱ्या बॅगा

न धुतलेल्या सात बॅगांपैकी एकीच्या बुडाशी ६ जूनला पुन्हा पेला धरला. १,९०० आलं. मृग लागला ८ जूनच्या आसपास, आणि तीन-चार दिवसांत पुण्यात नेमाने सरी यायला लागल्या. गोणपाट काढून घेतलं, नाहीतर ओल धरून ते सडतं. चिपाडांचा तीन इंचांचा थर बसून जेमतेम एक इंच उरला होता, खालून काळा आणि गांडुळांनी भरलेला. तो तसाच ठेवला. छिद्रं पुन्हा एकदा काडीने मोकळी केली.

१३ जूनला दुपारी जोराचा पाऊस चालू असताना काकूंनी मला हाक मारली. मी छत्री घेऊन वर गेले, तर त्या रेनकोट घालून बॅगेशेजारी उकिडव्या बसलेल्या, एका हातात स्टीलचा पेला बुडाच्या छिद्राखाली धरलेला आणि दुसऱ्या हातात मीटर.

"बघ गं तू, मला चष्म्यावर पाणी आहे."

६२०.

"अजून दोन मोठे पाऊस," मी म्हटलं. त्यांनी पेला रिकामा करून पुढच्या बॅगेखाली धरला.